चाळीस घोडे, एकच सिलिंडर

१९७१ साली सुझुकीने टीएम ४०० ही मोटोक्रॉसची गाडी विक्रीला काढली. ३९६ सीसीचे, हवेवर थंड होणारे एकच सिलिंडर आणि ६५०० आरपीएमला ४० हॉर्सपॉवर. त्याच मोसमात रॉजर डी कॉस्टर हा बेल्जियन स्वार सुझुकीवरून ५०० सीसी गटाचा जगज्जेता झाला, त्यामुळे अमेरिकेत या गाडीवर तरुणांच्या उड्या पडल्या. पण डी कॉस्टरची गाडी कारखान्यात खास त्याच्यासाठी घडवलेली आणि वजनाला कितीतरी हलकी होती. दुकानात मिळणारी टीएम ४०० निराळीच निघाली. वळणातून बाहेर पडताना इंजिन सुस्त वाटायचे, म्हणून स्वार आणखी थोडी रेस द्यायचा आणि पुढच्याच क्षणी सगळी ताकद एकदम मागच्या चाकावर यायची. चाक जागीच गरगरून गाडी आडवी व्हायची, नाहीतर पुढचे चाक थेट आकाशाकडे जायचे.

याला कारण दोन गोष्टी. फ्लायव्हील हलके होते, त्यामुळे इंजिनाचा वेग फार पटकन चढायचा. आणि गाडीवरचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन ठिणगीची वेळ हळूहळू पुढे न नेता एका टप्प्यावर झटक्यात पुढे न्यायचे. ज्यांनी नंतर जड फ्लायव्हील बसवले आणि इग्निशन बदलले, त्यांच्या हाती बरीच शहाणी गाडी आली. ताकद मात्र कागदावर तेवढीच होती. ४० या आकड्याला पहिल्या टीएमबद्दल काही सांगता येत नव्हते आणि सुधारलेल्या टीएमबद्दलही नाही.

हे पुस्तक याच गोष्टीसाठी लिहिले आहे. २५० सीसीच्या वरच्या, एका सिलिंडरच्या, मातीत पळणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांविषयी बोलताना लोक पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा विचारतात. मी त्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, पण माझे म्हणणे असे, की या इंजिनांत ताकद कधीच कमी नव्हती. ती होती गरजेपेक्षा जास्त, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे गेली ती मापात कशी द्यायची हे शिकण्यात.

आपल्याकडे या गाड्या कधी शोरूममध्ये आल्या नाहीत. टू-स्ट्रोक मात्र मराठी घरात परका नाही. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मोजून घालून घेणे, लुनाचा प्लग काढून कानशीने कार्बन खरवडणे, पुण्याच्या बजाज स्कूटरला तिरकी करून किक मारणे, हे एका पिढीच्या अंगवळणी पडलेले आहे. त्या पिढीला यामाहा आरएक्स १०० ठाऊक असते. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. हिशेब लिटरमागे केला तर आरएक्स १०० चे ११२ हॉर्सपॉवर होतात आणि टीएम ४०० चे १०१. म्हणजे कॉलेजला जायच्या गाडीचे इंजिन, आकाराच्या मानाने, त्या बदनाम मोटोक्रॉस गाडीपेक्षा जास्त ताणलेले होते! पुढच्या काळात कावासाकी केएक्स ५०० आणि होंडा सीआर ५०० या गाड्यांसाठी ६० च्या आसपासचे आकडे सांगितले गेले. तरी लिटरमागे १२० च्या आगेमागेच राहिले. मोटोक्रॉसच्या १२५ सीसी इंजिनांनी लिटरमागे याच्या दुपटीहून जास्त काढले आहेत.

मोठे इंजिन मागे का पडते, हे भूमितीत आहे. सिलिंडर सगळ्या बाजूंनी दुप्पट केला, तर त्यात मावणारी हवा आठपट होते, पण ती हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या पोर्टांची भोके चौपटच मोठी होतात. त्यामुळे मोठ्या सिलिंडरला श्वास घ्यायला जास्त वेळ लागतो आणि त्याला फार पळवता येत नाही. शिवाय पिस्टनलाही मर्यादा असते. केएक्स ५०० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, ८६ मिलिमीटरचा. ६५०० आरपीएमला तो पिस्टन सरासरी सेकंदाला साडेअठरा मीटर धावतो, आणि प्रत्येक फेरीत दोनदा थांबून उलटा फिरतो. त्यात बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोठा असला की ठिणगीपासून भडकलेल्या ज्वालेला कडेपर्यंत पोचायला जास्त अंतर कापावे लागते. तेवढ्यात कडेचे मिश्रण आपोआप पेटले की इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडते. ४८७ सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या यामाहा वायझेड ४९० च्या मालकांनी हे दुखणे पुष्कळ भोगले. हेडचा आकार बदलणे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आणणे, कार्ब्युरेटरचे जेट मोठे टाकणे, हे त्यांचे नेहमीचे उद्योग झाले.

तरीही हे इंजिन इतके जोरकस का वाटते? टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एक सोडून एका फेरीला. ६५०० आरपीएमला ४० हॉर्सपॉवर म्हणजे क्रँकवर सुमारे ४४ न्यूटन-मीटरचा पीळ. तो सुमारे १०० किलोच्या गाडीला मिळतो. फरीदाबादला तयार झालेली राजदूत ३५० आपल्याकडे आजही राक्षसी म्हणून ओळखली जाते. तिच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीत दोन सिलिंडर मिळून ३०.५ हॉर्सपॉवर होते आणि वजन दीडशे किलोच्या वर होते. एवढे सांगितले की वाचकाच्या मनात प्रमाण नीट बसेल.

ही ताकद आली कुठून, याचा इतिहास जर्मन आहे. १९२० च्या दशकात आडोल्फ श्न्युर्ले याने सिलिंडरच्या दोन बाजूंनी ताजे मिश्रण तिरके आत सोडून ते वर वळवण्याची रचना काढली, आणि डीकेडब्ल्यू कंपनीने ती वापरात आणली. त्यामुळे पिस्टनच्या डोक्यावरचा जड उंचवटा गेला आणि इंजिनाला वेग घेता आला. पुढचे मोठे काम पूर्व जर्मनीत त्शोपाउ गावातल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेनने केले. त्याने एक्झॉस्टचा पाइप हा इंजिनाचाच भाग मानला. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनातून २५ हॉर्सपॉवर निघत होते, म्हणजे लिटरमागे २००, आणि तेही कुठल्याही सुपरचार्जरशिवाय. त्याच वर्षी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीला ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवून दिले. काडेनची विद्या जपानला गेली ती अशी. काडेनला त्या विद्येचे पैसे मिळाले नाहीत. तो त्शोपाउमध्येच राहिला आणि काम करत राहिला. टू-स्ट्रोकच्या इतिहासात मला त्याच्याएवढा आदर दुसऱ्या कुणाबद्दल वाटत नाही.

पाइपाचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण मोठ्या इंजिनाचा स्वभाव तिथेच ठरतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडले की दाबाची एक लाट पाइपात धावते. पाइप रुंद होत जातो, तिथून उलटी ओढ तयार होऊन सिलिंडरातला जळका वायू बाहेर खेचला जातो आणि त्याच्यामागून ताजे मिश्रणही थोडे बाहेर सांडते. पुढे पाइप पुन्हा निमुळता होतो. तिथे आपटून परतलेली लाट ते सांडलेले मिश्रण, पोर्ट बंद होण्याच्या अगदी आधी, परत आत ढकलते. सगळा खेळ वेळेचा. ६५०० आरपीएमला एक फेरी सुमारे ९.२ मिलिसेकंदांत होते. पोर्ट त्यातल्या अर्ध्या फेरीभर उघडे असते, म्हणजे साधारण ४.६ मिलिसेकंद. गरम वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते असे धरले, तर जाऊन-येऊन २.३ मीटर, म्हणजे सिलिंडरपासून निमुळत्या टोकापर्यंत सुमारे १.१५ मीटर लांबी लागते. जुन्या ४०० आणि ५०० च्या पोटाखालून किंवा टाकीच्या बगलेतून वळसे घेत गेलेला तो फुगीर पाइप एवढा लांब का, याचे उत्तर या गुणाकारात आहे. ११,००० च्या वर फिरणाऱ्या १२५ ला पाऊण मीटरसुद्धा पुरतो.

लाट वेळेवर परतली तर इंजिन ओढते. इंजिन त्या वेगाच्या खाली असेल, तर लाट वेळेआधी येऊन नको तिथे ढवळाढवळ करते. म्हणून टू-स्ट्रोकची ताकद एका पट्ट्यात गोळा होते. १२५ मध्ये हा पट्टा अरुंद आणि तीव्र असतो, आणि स्वार क्लचवर बोट ठेवून इंजिन त्यातच राखतो. मोठ्या इंजिनात पाइपाने मदत केली नाही तरी नुसत्या आकाराच्या जोरावर खालूनही बरेच काही मिळते. होंडाने १९८२ च्या सीआर ४८० ला चारच गिअर दिले होते, ते याच विश्वासावर. पुढच्या वर्षी पाचवा द्यावा लागला, ही गोष्ट वेगळी.

मोटोक्रॉसमध्ये मोठ्या टू-स्ट्रोकने बाजी मारली ती १९६६ साली. ५०० सीसीची जागतिक स्पर्धा १९५७ पासून सुरू होती आणि तोवर तिथे जड फोर-स्ट्रोक इंजिनांचे राज्य होते. १९६४ आणि १९६५ मध्ये जेफ स्मिथने बीएसएवर ती जिंकली. १९६६ मध्ये पूर्व जर्मन पाउल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियात बनलेल्या ३६० सीसीच्या सीझेडवर त्याला मागे टाकले, आणि १९६७, १९६८ लाही तोच जिंकला. म्हैसूरच्या येझदीचे मूळही चेकोस्लोव्हाकियातले, म्हणून आपल्या वाचकाला सीझेडचे इंजिन पाहताना ओळखीचे वाटेल. बीएसएने उत्तर म्हणून टायटॅनियमची फ्रेम केली, पण तिने दगा दिला. पुढे हुस्कव्हार्ना, मायको, सुझुकी, यामाहा, होंडा असे एकामागून एक आले आणि १९९३ मध्ये याकी मार्टेन्सने हुस्कव्हार्नाच्या फोर-स्ट्रोकवर जिंकेपर्यंत हे जगज्जेतेपद टू-स्ट्रोककडेच राहिले.

अमेरिकेत या गाड्यांचे वेड पसरले ते एडिसन डाय या विक्रेत्यामुळे. त्याने १९६६ मध्ये तोर्स्टेन हॉलमन या स्वीडिश जगज्जेत्याला तिथे नेऊन हुस्कव्हार्ना पळवून दाखवली. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटात नट स्टीव्ह मॅक्वीन याच कंपनीच्या गाडीवर दिसला, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात टू-स्ट्रोकचा धूर थांबला नाही.

अशी गाडी सुरू करणे हे स्वतंत्र काम होते. १९७० च्या दशकातली एखादी ४०० किंवा ४५० सीसीची मायको घ्या. किक डाव्या बाजूला. पेट्रोलचा कॉक उघडायचा, बिंग कार्ब्युरेटरवरचे छोटे बटण दाबून धरायचे आणि पेट्रोल बोटांवर ओघळू लागले की सोडायचे. मग किक हाताने किंवा पायाने सावकाश खाली नेत पिस्टन वरच्या टोकापाशी आणायचा. तिथे दाब लागतो. तो जेमतेम ओलांडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि जाड तळाच्या बुटाने सगळे वजन टाकून एकाच दमात शेवटपर्यंत मारायची. रेस बंद. अर्धवट मारलेली किक उलटी येते आणि घोट्याची वाट लावते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की पिस्टनने उघडझाप होणाऱ्या पोर्टांना फिरण्याची दिशा कळत नाही. किक उलटली की कधीकधी इंजिन उलटेच सुरू होते, आवाजावरून शंका येते, आणि पहिला गिअर टाकला की गाडी मागे सरकते! एवढ्यातून गेल्यावर जो धूर निघतो, त्यात जुन्या लोकांनी घातलेल्या एरंडेलाच्या ऑइलचा वास असतो. तापलेल्या क्रँकच्या बेअरिंगला एरंडेल घट्ट धरून राहते, म्हणून कृत्रिम ऑइले आल्यावरही काहींनी ते सोडले नाही.

आता मूळ मुद्दा. एवढी ताकद मातीत उतरते किती? सैल मातीत मागच्या चाकाला साधारण १००० न्यूटनचा जोर पेलवतो, असे धरू. त्यापलीकडे ते घसरते. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग. ताशी ५० किलोमीटरला गुणाकार केला तर १४ किलोवॉट येतात, म्हणजे १९ हॉर्सपॉवर. ताशी १०० ला ३८. बाकीचे घोडे चाकाखालची माती मागे उडवत बसतात. मोटोक्रॉसच्या वळणावळणांच्या मैदानात ताशी ५० हा काही कमी वेग नाही, आणि तिथे २५० सीसीच्या गाडीकडेही १९ पेक्षा पुष्कळ जास्त असतात.

म्हणून मोठ्या इंजिनाची खरी जागा कोणती, हे मैदानावर अवलंबून होते. बेल्जियममध्ये लोमेलची खोल वाळू, इंग्लंडमध्ये हॉकस्टोन पार्कची चढण, नामूरच्या किल्ल्याभोवतीचा झाडीतला चढउताराचा मार्ग आणि मेक्सिकोतले बाहाचे वाळवंट, अशा ठिकाणी गाडीला सतत ढकलत राहावे लागते आणि खालची ओढ कामी येते. १९८८ मध्ये हाकान कार्लक्विस्ट नामूरच्या शर्यतीत इतका पुढे होता, की मधेच थांबून त्याने प्रेक्षकांकडून बिअर घेतली, प्यायला, आणि तरीही जिंकला. याच्या उलट कॅलिफोर्नियातले कार्ल्सबाड. तिथली जमीन उन्हाने भाजून फरशीसारखी कडक झालेली असायची. १९८० मध्ये मार्टी मोट्स तिथे यामाहा वायझेड ४६५ वर अमेरिकन ग्रां प्री जिंकला. ही शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकन. अशा निसरड्या जमिनीवर हळूच वाढत जाणारी ताकद उपयोगी पडते, आणि ४६५ ती देत होती. तिच्या जागी आलेल्या ४९० कडे सीसी जास्त होते, पण गाडी वाईट होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताकद मापात देण्याचे मार्ग अनेक निघाले, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यांनी व्यापला आहे. यामाहाने १९७२ मध्ये इनटेकवर रीड व्हॉल्व्ह आणला. पाकळ्यांसारख्या पातळ पट्ट्या मिश्रण आत येऊ देतात पण उलटे जाऊ देत नाहीत, त्यामुळे कमी वेगातही इंजिन भरून श्वास घेते. आरएक्स १०० मध्ये आपण तोच वापरला. त्यानंतर सस्पेन्शनची क्रांती झाली. १९७० च्या सुमाराला मागच्या चाकाची हालचाल जेमतेम १०० मिलिमीटर होती, दहा-बारा वर्षांत ती ३०० वर गेली. चाक जमिनीला जितका वेळ चिकटून राहील, तितकीच ताकद वापरता येते, म्हणून बेल्जियन लुसियां तिल्केन्सच्या कल्पनेवर यामाहाने केलेला एकच मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा माझ्या लेखी इंजिनाच्याच इतिहासाचा भाग आहे. मग पॉवर व्हॉल्व्ह आला. वेग कमी असताना तो एक्झॉस्ट पोर्टचे छत खाली आणतो, वाढला की वर उचलतो, म्हणजे एकाच सिलिंडरला दोन स्वभाव मिळतात. कावासाकीने तो केएक्स ५०० ला दिला. होंडाने पाण्यावर थंड होणारी सीआर ५०० मात्र २००१ मध्ये बंद होईपर्यंत पॉवर व्हॉल्व्हशिवायच बनवली. ८९ बाय ७९ चा बोअर-स्ट्रोक, ४९१ सीसी, आणि मनगटातला संयम हाच तिचा व्हॉल्व्ह. डेव्हिड थॉर्प आणि एरिक गेबोर्स यांच्यासारख्यांनी होंडाला या वर्गात वर्षानुवर्षे जिंकून दिले. बाहात मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे केएक्स ५०० ला तोड नव्हती.

या सगळ्यांत मला सर्वांत समजूतदार वाटते ती १९८१ ची मायको ४९०. ट्युबिंगेनजवळच्या फेफिंगेन गावातला हा छोटा कारखाना. मायकोला ५०० सीसीचे जगज्जेतेपद कधी मिळाले नाही, आणि ४९० नंतर दोन वर्षांत कंपनीचे दिवाळे निघाले. पण त्या इंजिनात झटका नव्हता. तळापासून वरपर्यंत ते एका सुरात ओढत जायचे, आणि स्वाराला गाडीवर लक्ष द्यायला उसंत मिळायची. रीड नाही, पॉवर व्हॉल्व्ह नाही, पाणी नाही. नुसत्या पोर्टांच्या आणि पाइपाच्या मापातून एवढे साधता येते, हे ४९० च्या ताकदीचा आलेख पाहताना लक्षात येईल.

आकड्यांबद्दल एक सूचना. माहितीपत्रकातला हॉर्सपॉवर बहुधा क्रँकवरचा असतो. साखळी, गिअर आणि टायर पार करून मागच्या चाकावर पोचेपर्यंत त्यातला दहा-पंधरा टक्के जातो, आणि कंपन्यांनी घातलेली भर वेगळीच. जर्मन पीएस आणि इंग्रजी हॉर्सपॉवर यांच्यात दीड टक्क्याचा फरक आहे, तो मी मनावर घेतलेला नाही. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, माप घेताना हवेचे तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जेटिंग यांनी निकाल हलतो. त्यामुळे दोन वेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशेजारी मांडून गाड्यांची भांडणे लावण्यात अर्थ नाही. आलेखात शिखर कुठे आहे हे नंतर पाहा. आधी ३००० ते ५००० आरपीएमच्या मधली रेष किती उभी चढते ते पाहा. स्वाराचे हाल किंवा सुख तिथे लिहिलेले असते.

अमेरिकेतली ५०० सीसीची राष्ट्रीय स्पर्धा १९९३ नंतर बंद झाली. २५० ला पॉवर व्हॉल्व्ह आणि चांगले सस्पेन्शन मिळाल्यावर लहान मैदानात मोठ्या इंजिनाचा फायदा उरला नाही, हे वरच्या गुणाकारावरून कळतेच. १९९७ मध्ये डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस जिंकली आणि पुढची वाट ठरली. केएक्स ५०० २००४ पर्यंत टिकली. आज या गाड्या व्हिंटेज शर्यतींत धावतात, आणि त्या जपणारे लोक इंजिन सुरू करण्याआधी क्रँकचे ऑइल सील बदलतात. सील फुटले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि चाळीस वर्षे जपलेला पिस्टन भर वेगात सीझ होतो. शेवटच्या प्रकरणात या कामाची पूर्ण रीत दिली आहे. मायकोच्या मॅग्नेशियमच्या केसिंगला लागणारी कीड कशी ओळखायची आणि ती लागली असेल तर गाडी का घेऊ नये, हेही तिथेच आहे. ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचावे. बाकीच्यांनी सीझेडच्या प्रकरणापासून सुरुवात करावी.